ओमान, दोनशे दहा ग्रॅम

वसंत महादेव साटम यांचं गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पहाटे, भाईंदर पूर्वेला केबिन रोडजवळच्या राहत्या घरी, झोपेत निधन झालं. वय एकोणसत्तर. दाखल्यावर डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं आहे. ते स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होते आणि निवृत्तीनंतरची नऊ वर्षं त्यांनी परदेशांची वजनं केली. हे शेवटचं वाक्य आमच्या वृत्तसंपादकांनी कापलं असतं. पण ते खरं आहे, आणि पुढचा मजकूर त्याबद्दलच आहे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, साटम दुसऱ्या. १९८८ पासून रोज सकाळी सव्वासात वाजता ते आमची बेल वाजवत. त्या मंगळवारी सव्वासातला बेल वाजली नाही. सात पंचवीसला वाजली आणि दारात मालतीवहिनी उभ्या होत्या. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "मी दहा मिनिटं वाट बघितली… म्हटलं, आज उशीर होत असेल." साटमांना कधी उशीर झाल्याची नोंद माझ्याकडे नाही.

सव्वासातच्या त्या बेलमागे रद्दी होती. मी एका मराठी दैनिकात परदेशच्या पानावर उपसंपादक आहे. त्या काळी जगातल्या बातम्या टेलिप्रिंटरवर येत. यंत्र दिवसभर खडखडत कागदाचा लांबच लांब पट्टा बाहेर टाकायचं, आम्ही त्यातल्या शंभरातल्या चार बातम्या घ्यायचो आणि उरलेला पट्टा टोपलीत जायचा. पेरूमध्ये बस दरीत कोसळली, फिनलंडमध्ये मंत्र्याने राजीनामा दिला, हे मराठी वाचकाला सांगायला जागा नसायची. एकदा मी असा एक गुंडाळा मुलाला चित्रं काढायला घरी आणला. जिन्यात साटम भेटले. त्यांनी गुंडाळा हातात घेतला, वरखाली केला आणि म्हणाले, "सातशे ग्रॅम. काय आहे हे?" मी सांगितलं. "म्हणजे जगात एका दिवसात सातशे ग्रॅम घडतं, आणि तुम्ही फेकून देता?" मी म्हटलं, त्याहून जास्त घडतं, हा एका पाळीचा कागद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला ते कापडी पिशवी घेऊन दारात हजर होते. "काय पत्रकार, काल काय काय पडलं?"

नुकतेच निवृत्त झालेले होते आणि हाताला काम नव्हतं. कारखान्यात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर शेठने जुना दोन पारड्यांचा तराजू, पाच ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची वजनं आणि कोऱ्या पावत्यांची चौदा पुस्तकं त्यांना निरोपाच्या वेळी देऊन टाकली होती. तराजू त्यांच्या गॅलरीत एका हुकाला टांगलेला असे. एकतीस वर्षं भांड्यांचा व्यवहार पाहून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. भांड्याची झळाळी पॉलिशवाल्याची असते, भांडं कुणाचं ते वजन सांगतं. हे मत त्यांनी तसंच उचलून जगाला लावलं. गॅलरीत बसून ते फूटपट्टीने पट्टा फाडत, प्रत्येक बातमीच्या डोक्यावरचं गाव बघत आणि त्या देशाच्या फाइलमध्ये तो कागद लाल पेन्सिलीने क्रमांक घालून ठेवत. रविवारी सकाळी सगळ्या फायलींचं वजन होई. सहा महिन्यांहून जुना कागद फाइलमधून निघे. जी फाइल हलकी, तो देश जायला सुरक्षित. मजकूर ते वाचत नसत. इंग्रजी त्यांना येत होतं, तरी वाचत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वाचलं की माणूस घाबरतो नाहीतर भुलतो. काटा दोन्ही करत नाही."

पण चांगली बातमीही असते, मी म्हटलं. कुठे पूल झाला, कुठे फुटबॉलचा सामना झाला.

"झाला ना? म्हणजे काहीतरी झालं. जिथे काही होत नाही, तिथे माणसाने जावं."

हे ज्याने त्याने हसून सोडून द्यायला हवं होतं. पण आमच्या भागातून तेव्हा माणसं भराभर बाहेर जात होती. आखाती देशांतून वेल्डर, मेकॅनिक, फिटर यांना मागणी होती. एजंट सांगे ते सगळंच छान असे आणि दुसरं विचारायला कुणी नसे. साटम पैसे घेत नव्हते, चहा पाजत होते आणि उत्तर आकड्यात देत होते. निवाडा काट्याच्या पावतीवर मिळे. माल: मस्कत, किंवा दुबई. गाडी नंबर: इथे विमानाचा नंबर. वजन. शेरा: 'शिफारस आहे' किंवा 'शिफारस नाही'. खाली सही, व. म. सा. रविवारी सकाळी त्यांच्या जिन्यात चपलांची रांग लागे.

पहिल्या मजल्यावरचे रमणिकभाई पुतण्यासाठी आले होते तेव्हा मी तिथे होतो. "साटमभाई, मेरा भतीजा अमेरिका जाने का बोलता है."

साटमांनी फाइल काढली नाही. अमेरिकेच्या तीन फायली होत्या आणि त्या एकावर एक ठेवून त्यांनी त्यांचं टेबल केलं होतं. "अमेरिका साडेअकरा किलो," ते म्हणाले. "जाने का नहीं."

"अरे, पण सब लोग तो जाते हैं!"

"जाते हैं, इसीलिए इतना वजन है."

पुतण्या गेला. सध्या तो न्यू जर्सीत आहे आणि सुखरूप आहे. पावती रमणिकभाईंनी दुकानात गल्ल्यामागे लावली आहे.

धोक्याबद्दलची साटमांची समज अर्थात घरापासून सुरू होत होती. ते गॅसची नळी दर महिन्याला साबणाच्या पाण्याने तपासत. ओहोटी असली तरी खाडीच्या बाजूला फिरकत नसत. आणि ते स्टुलावर चढत नसत. कारखान्यात त्यांच्यासमोर एक माणूस स्टुलावरून पडला होता आणि त्याला सहा महिने घरी बसावं लागलं होतं. तेव्हापासून साटमांनी पायाखाली जमिनीशिवाय दुसरं काही घेतलं नाही. त्यांच्या घरातला दिवा गेला की मला हाक येई. अकरा वर्षांत मी त्यांच्या घरातले सतरा दिवे, दोन पंखे आणि एक घड्याळ स्टुलावर चढून लावलं. खाली साटम दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे असत आणि सूचना देत. मालतीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "मी चढले असते भाऊजी, पण ह्यांना बघवत नाही. मी चढले की हे बाहेर जाऊन उभे राहतात." वहिनी चढत, पण ते घरात नसताना.

१९९० च्या मार्चमध्ये तळमजल्यावरचा अनंत आला. मूळचा रत्नागिरीकडचा, मेकॅनिक, वय चोवीस. त्याच्या हातात दोन ठिकाणची बोलावणी होती, बहारीन आणि कुवेत. साटमांनी दोन्ही फायली दोन पारड्यांत ठेवल्या. बहारीनचं पारडं खाली गेलं. मग वेगवेगळी वजनं झाली. बहारीन एकशे ऐंशी ग्रॅम, कुवेत एकशे दहा. "इतका हलका देश माझ्याकडे दुसरा नाही," साटम म्हणाले आणि पावती फाडली. शेरा: 'शिफारस आहे', आणि त्याखाली दोन रेघा. दोन रेघा त्यांनी त्याआधी फक्त भूतानला दिल्या होत्या.

ऑगस्टच्या दोन तारखेला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला होतो आणि पट्टा थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साटम पिशवी घेऊन आले. मी गुंडाळा दिला. त्यांनी तो नेहमीसारखा वरखाली केला नाही. "सगळं कुवेत आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पुढच्या पाच आठवड्यांत अनंतची काही खबर नव्हती. त्या पाच आठवड्यांत साटम रोज संध्याकाळी तळमजल्यावर जात, अनंतच्या काकांच्या दारात उभे राहत आणि परत येत. अनंतच्या काकू एकदा म्हणाल्या, "या ना, बसा." साटम म्हणाले, "नको. माझ्या सहीने गेलाय."

अनंत सप्टेंबरात आला. वाळवंटातून बसने जॉर्डन, तिथे तंबूत काही दिवस, मग विमान. अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता आणि बराच काळवंडला होता. घरी अंघोळ करून सरळ दुसऱ्या मजल्यावर गेला. मला साटमांनी आधीच बोलावून घेतलं होतं, साक्षीदार असावा म्हणून.

"काका, तुमची पावती उपयोगाला आली हां," अनंत म्हणाला.

"थट्टा करतोयस? कर. करायलाच पाहिजे."

"नाही ओ, शप्पथ. बॉर्डरवर सगळ्यांचे कागद मागत होते. पासपोर्ट शेठकडे अडकलेला. मी पावती दाखवली."

"मग?"

"त्याने उलटीपालटी केली, कारखान्याचा शिक्का बघितला, सही बघितली… आणि सोडला मला. वर 'व. म. सा. कोण' म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमचे मोठे साहेब."

वहिनी हसायला लागल्या. साटम हसले नाहीत. अनंतने पोहे खाताखाता विचारलं, "आता किती झाला कुवेत?"

"चार किलो सहाशे."

"म्हणजे मी आलो ते बरंच केलं."

अनंत खाली गेल्यावर साटमांनी नवीन पावती फाडली. माल: अनंत. वजन: रिकामं. शेरा: 'परत आला.' मग तराजू हुकावरून काढून पलंगाखाली ठेवला. दोन महिने तो तिथेच होता. पिशवी घेऊन मात्र ते रोज येत राहिले.

तराजू बाहेर काढायला उत्तनचा पास्कल कारणीभूत झाला. जहाजावर खलाशी म्हणून त्याचं काम ठरलं होतं आणि कुणीतरी त्याला साटमांचं नाव सांगितलं होतं. साटमांनी काम बंद असल्याचं सांगितलं. पास्कल उठला नाही. पिशवीभर सुके बोंबील त्याने आधीच वहिनींच्या हातात दिले होते.

"कुठे जातंय जहाज?" साटमांनी शेवटी विचारलं.

"मला म्हाईत न्हाय. कप्तानाला म्हाईत."

"मग कुठल्या देशाचं वजन करू?"

"दर्याचं करा."

समुद्राची फाइल नव्हती. साटमांनी सहा महिन्यांच्या कागदांतून जहाजांच्या बातम्या माझ्याकडून वेगळ्या काढून घेतल्या, तराजू टांगला आणि नव्वद ग्रॅम भरले. हलका आकडा बघून त्यांनी पावतीपुस्तक मिटलं. "एवढाच हलका मागच्या वेळेला होता," ते म्हणाले. "मी सही करत नाही."

"नका करू," पास्कल म्हणाला. "दर्या गप हाय म्हंजे घाबरायचंच. आमचा बाबा सांगतो, वारा नाय, लाट नाय, मासा नाय, मग जाळी काढा नि घरी चला. थोडा आवाज करतो, तो दर्या बरा हाय."

साटमांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. नवीन नियम त्यातूनच निघाला आणि तो अखेरपर्यंत टिकला. दीडशे ग्रॅमच्या खाली फाइल असेल तर देश गप्प आहे, जाऊ नये. अडीचशेच्या वर असेल तर देश तापला आहे, जाऊ नये. दीडशे ते अडीचशेच्या मध्ये शिफारस आहे. मी त्यांना सांगितलं की बरेच देश गप्प दिसतात, कारण तिथे बातमीदारच नसतो. "म्हणजे तुमच्याही लक्षात आलं होतं," ते म्हणाले, "आणि तुम्ही दोन वर्षं बोलला नाहीत." हे खरं होतं.

१९९३ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा हिचं लग्न झालं. जावई प्रकाश मस्कतला एका कंपनीत हिशेबनीस होता. स्थळाला साटमांनी हरकत घेतली नाही, मुलाचे गुण, घरचे लोक, सगळं त्यांना पसंत होतं. फक्त ओमान चारशे दहा ग्रॅम होता. लग्नानंतर पंधरा दिवसांनी सुनंदा निघाली तेव्हा त्यांनी तिला पावती दिली. शेरा: 'शिफारस नाही.' तिने ती पर्समध्ये ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, पोचले की पत्र टाकते." कार्बन कॉपीवर साटमांनी नंतर एक शब्द वाढवला: 'गेली.'

त्यानंतर ओमानच्या फाइलचं वजन ते रविवारखेरीज बुधवारीही करू लागले.

१९९५ च्या मे महिन्यात सुनंदाचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते, ऑक्टोबरची तारीख होती. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती, म्हणून बाळंतपणाला माहेरी येता येणार नव्हतं. आईबाबांनीच यावं, तिकिटं प्रकाश पाठवेल. वहिनींनी त्याच दिवशी डिंकाच्या लाडवांचं सामान लिहून काढलं. साटमांनी फाइल काढली. तीनशे पंच्याण्णव ग्रॅम.

"नाही," ते म्हणाले.

पुढे काय झालं ते मला जिन्यातूनही ऐकू येत होतं. वहिनी ओरडणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. "पोरगी तिथे एकटी बाळंत होणार आणि तुम्ही इथे कागद मोजत बसा!"

"तू जा. मी अडवत नाही. सही मात्र करणार नाही."

"बिनशिफारशीची पोरगी पाठवलीत, तेव्हापासून दोन वर्षं तुम्ही अर्धे जेवताय. आता मीही बिनशिफारशीची गेले तर परत आल्यावर कोण दिसणार मला इथे? जायचं तर दोघांनी. नाहीतर कुणीच नाही."

हे त्यांनी एकदा सांगितलं आणि नंतर तो विषय काढला नाही. वहिनी नवऱ्याला सोडून जाणार नव्हत्या, नवरा सहीशिवाय हलणार नव्हता, सही अडीचशेच्या वर होत नव्हती, आणि ऑक्टोबर पाच महिन्यांवर होता. सगळा प्रश्न एवढाच होता.

सुनंदाने तिथून प्रयत्न केला. तिने वडिलांना पत्र लिहून विचारलं की भाईंदरची फाइल किती ग्रॅमची आहे? साटमांना हा प्रश्न रास्त वाटला आणि त्यांनी मला आमच्या दैनिकातली जिल्ह्याच्या पानावरची कात्रणं आणायला सांगितली. पाण्याच्या टँकरवरून मारामारी, रूळ ओलांडताना अपघात, उघडं गटार, वीज गेल्यामुळे मोर्चा, पिसाळलेला कुत्रा, परत टँकर. एका महिन्याचे सातशे ग्रॅम भरले. साटमांनी कात्रणं बांधून परत दिली. नंतर त्यांनी मुलीला कळवलं: 'राहत्या ठिकाणाला प्रवास म्हणत नाहीत.'

आणि मग जूनपासून ओमान उतरायला लागला. जूनच्या अखेरीला तीनशे साठ. जुलैच्या मध्याला तीनशे. साटमांच्या चेहऱ्यावर फरक दिसू लागला. "निवळतंय," ते सकाळी पिशवी घेताना म्हणत. मला हे कोडं होतं. माझ्या टेबलावर मस्कतच्या बातम्या पूर्वीइतक्याच येत होत्या, तेल, बैठका, व्यापारी शिष्टमंडळं. तसं मी त्यांना सांगितलंही. "तुम्ही वाचता, म्हणून तुम्हाला जास्त वाटतं," ते म्हणाले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फाइल काट्यावर चढली आणि एकशे चाळीस ग्रॅम भरले.

मालतीवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "झालं ना अडीचशेच्या खाली?"

"एकशे चाळीस," साटम म्हणाले. "देश गप्प झाला. एकदम गप्प. कुवेतसारखा."

वहिनींनी कप खाली ठेवला. "अहो, पण हलका झाला ना?"

"दीडशेच्या खाली नाही चालत. तुला माहितीये नियम."

"दहा ग्रॅमने?"

"दहा ग्रॅमने."

वहिनी आत गेल्या. पण पुढच्या रविवारी ओमान पुन्हा चढला होता आणि दोनशे दहा ग्रॅमवर थांबला होता. साटमांनी दोनदा वजन केलं. पारडी आलटूनपालटून तिसऱ्यांदा केलं. मग पावती फाडली. माल: ओमान. वजन: २१० ग्रॅम. शेरा: 'शिफारस आहे. दोन माणसं.' सही करताना त्यांनी पेन्सिलीला नवीन टोक केलं.

सप्टेंबरात ते गेले, जानेवारीत परतले. मुलगी झाली होती, रेवा. मस्कतमधल्या चार महिन्यांचा अहवाल साटमांनी वहीत लिहिला आहे. त्यातल्या तीन नोंदी अशा: 'शांत आहे.' 'रस्ता ओलांडायला उभं राहिलं की गाड्या आपण होऊन थांबतात. कारण समजलं नाही. सावध राहावं.' 'रेवा, जन्मतः २ किलो ९००. काटा त्यांचा. पडताळता आला नाही.' परत आल्यावर ते टॅक्सीतून उतरले तेव्हा फाटकात टँकर आडवा उभा होता आणि त्याभोवती भांडण चाललं होतं. साटम पिशव्या घेऊन त्यातून वाट काढत आत आले आणि म्हणाले, "काय पत्रकार, इकडे काय पडलं?"

दीड वर्षापूर्वी आमच्या कचेरीतला टेलिप्रिंटर बंद झाला. बातम्या आता संगणकाच्या पडद्यावर येतात आणि तिथेच पुसल्या जातात. मी साटमांना ते दाखवायला एकदा कचेरीत नेलं. त्यांनी पडद्याला मागून हात लावून बघितला. "आणि कागद?" कागद नाही, मी म्हटलं. रविवारच्या चपला त्यानंतर हळूहळू थांबल्या. सव्वासातला बेल वाजत राहिली. ते यायचे, चहा घ्यायचे, मी लावलेलं परदेशचं पान हातात घ्यायचे, वरखाली करायचे आणि परत द्यायचे.

हा मजकूर लिहायचा ठरल्यावर आकडे पडताळण्यासाठी मी गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर गेलो. सुनंदा आणि रेवा आलेल्या आहेत, अनंतही येऊन बसला होता. त्याचं आता काशीगावला हायवेलगत स्वतःचं गॅरेज आहे. वही, पावत्यांची पुस्तकं, सगळं जागेवर होतं. मी वहिनींना विचारलं की पंच्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात ओमान इतका कसा उतरला, हे मला आजही समजलेलं नाही, त्यांना काही आठवतं का?

वहिनी सुनंदाकडे बघून हसल्या. साटम गेल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण सुनंदा चमकली.

"मीच काढत होते," त्या म्हणाल्या. "हे दुपारी चार वाजता केबिन रोडला फेरी मारायला गेले की रोज तीन-चार कागद. एकदम काढले तर समजेल ना, म्हणून थोडे थोडे. मग एकदा घाई झाली, जास्त काढले आणि देश गप्प झाला! मग ह्यांच्याच तराजूवर तोलून परत घातले, बरोब्बर सत्तर ग्रॅम."

"आई!" सुनंदा म्हणाली. "बाबांना सांगितलं का कधी?"

"वेडी आहेस का? ह्यांनी परतीचं तिकीट त्याच दिवशी मागितलं असतं."

अनंत खुर्चीवरून पडायचा राहिला. "काकू, माझ्या वेळेला थोडे कागद घातले असतेत तर!"

काढलेले कागद कुठे टाकले, असं मी विचारलं. टाकले नव्हते. रद्दीवाल्याकडे दिले असते तर साटमांनी गठ्ठा तपासला असता, म्हणून वहिनींनी ते स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर, लग्नातल्या मोठ्या पातेल्यांखाली अंथरले. ती पातेली लग्नकार्याशिवाय निघत नाहीत. सुनंदाच्या लग्नानंतर घरात कार्य झालेलं नाही, त्यामुळे त्या फळीचा कागदही बदललेला नाही. आणि तिथे साटमांची नजर जाण्याचा प्रश्न नव्हता.

मी स्टूल घेतलं. अनंतने ते खालून धरलं. तीन पातेली उतरवली. त्याखाली टेलिप्रिंटरचे कागद होते, पिवळे पडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर मस्कत आणि कोपऱ्यात साटमांच्या हातचा लाल क्रमांक. मी ते गोळा करून खाली दिले. सर्वांत मोठ्या पातेल्याच्या जागी, कागदांच्या खाली, काट्याची एक पावती निघाली. ती वहिनींनी त्याआधी पाहिलेली नव्हती. सुनंदाने ती मोठ्याने वाचली. माल: ओमान, स्वयंपाकघर. वजन: १८५ ग्रॅम. शेरा: 'पाहिले.' खाली सही, व. म. सा.

आम्ही कागद गॅलरीत नेऊन तोलले. एकशे पंच्याऐंशी भरले. फाइलमधले दोनशे दहा धरले तर बेरीज तीनशे पंच्याण्णव होते. पावतीवरची तारीख शनिवारची आहे. शिफारशीच्या पावतीवर त्याच्या दुसऱ्या दिवशीची, रविवारची.

फळी जमिनीपासून साडेसात फुटांवर आहे. साटमांची उंची पाच फूट तीन इंच होती.